सात लाख वीस हजार सातशे विसावी टाळी

लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर आला की लोक त्याला जीभ काढून दाखवतात. मला नंबर दाखवतात. नव्या मोबाइलचा, नव्या स्कूटरचा, नव्या फ्लॅटचा. ‘‘सर, ह्या नंबरात काय विशेष आसा काय?’’ असं विचारतात आणि पानातली खीर सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी गणित शिकवत होतो, ज्योतिष नव्हे, हे सांगून उपयोग होत नाही. मग मी नंबर बघतो, मनातल्या मनात दोनचार आकड्यांनी भागून पाहतो आणि काहीतरी सापडतंच. ‘‘तेराने भाग जातो’’ म्हटलं की माणसाचा चेहरा उतरतो. ‘‘कशानेच भाग जात नाही’’ म्हटलं की तो खूश होऊन वाढप्याला हाक मारतो आणि मला आणखी एक जिलबी वाढायला लावतो.

माझं घर डिचोली तालुक्यात, नार्व्याला. शाळा पेडणे तालुक्यात, धारगळच्या हमरस्त्यावरून आत वळलं की येणाऱ्या गावात. नार्व्याहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून धारगळ अशा तीन बसगाड्यांत माझी नोकरी झाली. पेडण्यात मला सगळे ‘डिचोलीचे मास्तर’ म्हणायचे आणि घरी नार्व्यात ‘पेडण्याचे मास्तर’. आमच्या शाळेत गणिताचं पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठीत आणि ओरडणं कोकणीत. तिन्ही भाषांत मुलांना गणिताची भीती सारखीच वाटे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हणून सांगितलं तेव्हा कुठून सुरुवात करावी कळेना. किती वर्षं नोकरी, कुठे कुठे बदली, निकाल किती टक्के, यात माझं मलाच काही वाटत नाही. मला आठवते ती एक संख्या आणि तिच्यापायी एका रविवारी शाळेच्या गावातल्या देवळात जे घडलं ते. तेच सांगतो.

पण त्याआधी बाबल. बाबल त्याच गावचा. स्वतःचा टिप्पर चालवायचा. चिरे, रेती, खडी, मिळेल ते वाहायचा. एकदा शाळा सुटल्यावर फाटकापाशी उभा होता.

‘‘मास्तर, एक काम आसा. नवी गाडी घेतंय. तिका बरोसो नंबर होयो.’’

‘‘बरा म्हणजे कसा?’’

‘‘म्हणजे, कोणाक त्रास दिवचो नाय आणि कोणाचो त्रास आमकां होवचो नाय.’’

मला गंमत वाटली. मी म्हटलं, ‘‘मग दोन हजार पाचशे वीस घे. एकपासून दहापर्यंत कुठल्याही आकड्याने पूर्ण भाग जातो. बाकी उरतच नाही. कोणाशी भांडण नाही.’’

बाबलने तो आकडा दोनदा पुटपुटला आणि खरोखरच आरटीओत खेपा घालून मिळवला. गाडीच्या पुढे ठसठशीत २५२० रंगवून घेतलं. सहाएक महिन्यांनी पुन्हा फाटकापाशी हजर. गाडीचा पुढचा दिवा फुटलेला.

‘‘मास्तर, तुमी माका दहापर्यंत सांगितलास.’’

‘‘मग?’’

‘‘ज्या टेम्पोन ठोकल्यान, तेचो नंबर अकरा!’’

अकराने भागलं तर एक उरतो हे मी त्याला सांगायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून आमची चांगली ओळख झाली. त्याची मुलगी दीक्षा पुढे माझ्या वर्गात आली तेव्हा तो मला म्हणाला होता, ‘‘माका शिकाक गावला नाय. हिका तेवढा गणित बरा शिकवा.’’

आता दीक्षा. आठवीत होती. वर्गात मागच्या बाकावर बसून दोन्ही हातांच्या बोटांनी सतत बाकावर काहीतरी वाजवत असायची. गावात पुंडलिकबुवा म्हणून भजनातले जुने जाणकार. सकाळी बागायतीत काम आणि संध्याकाळी देवळाच्या मंडपात मुलांना तबला-पखवाज शिकवणं, असा त्यांचा दिवस. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत दीक्षा सर्वांत पुढची. बुवांनी तिला माघातल्या जत्रेच्या बालभजन स्पर्धेत पखवाजाला बसवायचं ठरवलं होतं. तोवर त्या गावातून पखवाजाला कधी मुलगी बसली नव्हती.

आणि पहिल्या सहामाहीत दीक्षा गणितात नापास झाली.

लसाविच्या प्रकरणात तिने एकही उदाहरण सोडवलं नव्हतं. ज्यांचा शाळेशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी सांगतो. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मुलांच्या इंग्रजी पुस्तकातला एलसीएम. दोन-तीन संख्या घ्यायच्या आणि त्या सगळ्यांनी भाग जाईल अशी लहानात लहान संख्या शोधायची. चार आणि सहाचा लसावि बारा. नाव अवजड आहे, काम सोपं आहे, आणि मुलं नावालाच घाबरतात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिकबुवा थेट शिक्षकांच्या खोलीत. धोतर, खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध. बसा म्हटलं तरी बसेनात.

‘‘मास्तर, तुमच्या गणितान माझो पखवाज फोडलो.’’

‘‘काय झालं बुवा?’’

‘‘बाबल म्हणता, आता तबलो बंद. दहावी होयसर हात लावूचो नाय. पोरगी घरात रडताहा. स्पर्धेक अडीच महिने. मी आता कोणाक बसवू? माका?’’

मी बाबलकडे गेलो. तो गाडी धूत होता. माझ्याविषयी त्याला आदर होता, म्हणून त्याने पाइप बंद केला, पण ऐकून घेतलं नाही. ‘‘सर, भजनान पोट भरणा नाय. तां चेडू दिवसभर बाकावर टपटप करता, तुमीच सांगितलास ना? तबलो रवलो की टपटप रवतली.’’

हे मीच पालकसभेत सांगितलं होतं.

तरी ती टपटप नक्की कसली, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. पुढच्या रविवारी सकाळी बुवांच्या वर्गाला जाऊन बसलो. दीक्षा नव्हती, बाकीची मुलं होती. मला तालातलं काही कळत नाही. बुवांनी समजावलं की ताल म्हणजे मात्रांचं एक आवर्तन. तीनतालाच्या मात्रा सोळा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात. आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गाणारा कुठेही फिरून आला तरी समेवर वाजवणाऱ्याला भेटला पाहिजे. नाही भेटला तर सभा हसते.

मग बुवांनी एक खेळ घेतला. अर्ध्या मुलांनी सोळा मोजायचे, अर्ध्यांनी दहा. प्रत्येकाने आपल्या समेवर टाळी द्यायची. दोन्हीकडची टाळी एकदम कधी पडते ते बघायचं. ऐंशीव्या मात्रेनंतर ती पडली.

‘‘हे दीक्षाला येतं?’’ मी विचारलं.

बुवा हसले. ‘‘तिका विचाराचा लागणा नाय. सोळाची पाच, दहाची आठ, असां तोंडपाठ. खंयच्याय दोन तालांचां सांगता.’’

मी तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. सोळा आणि दहाचा लसावि ऐंशी. पोरगी लसावि रोज बोटांवर करत होती, फक्त त्याला लसावि म्हणतात हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

सोमवारी वर्गात मी पुस्तक उघडलंच नाही. मुलांना म्हटलं, समजा सोळा जण ओळीत उभे आहेत. पहिला प्रत्येक मात्रेला टाळी देतो. दुसरा दर दोन मात्रांनी, तिसरा दर तिनांनी, असं करत सोळावा दर सोळांनी. सगळे एकदम सुरू झाले. तर सोळाही जणांची टाळी पुन्हा एकत्र कधी पडेल?

वर्गातला हुशार मुलगा लगेच म्हणाला, ‘‘सर, सगळ्यांचा गुणाकार करायचा.’’ केला. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आकडा गेला. वीस लाख कोटींच्या वर. सेकंदाला एक मात्रा धरली तर साडेसहा लाख वर्षं. वर्ग खूश झाला, कारण तेवढा वेळ गणिताचा तास चालणार नव्हता.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘इतका लागणा नाय, सर.’’

दीक्षा उभी राहिली. वर्गात स्वतःहून उभी राहण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

‘‘सोळावालो समेर इलो की आठवालो, चारवालो, दोनवालो आपसूक समेरच असतत. तेंका वेगळे कित्याक धरूचे?’’

‘‘बरोबर. मग कोणाला धरायचं?’’

ती फळ्यापाशी आली. ओळीत उभ्या असलेल्या त्या सोळा जणांतून तिने एकेकाला कमी करायला सुरुवात केली. नऊ आला की तीन आलाच. सोळा आणि नऊ आले की सहा, बारा आले. पाच आला की दहा, पंधरा आले. सात आला की चौदा आला. शेवटी फळ्यावर सहा आकडे उरले. सोळा, नऊ, पाच, सात, अकरा, तेरा. यांचाच गुणाकार. मुलं ओरडून सांगत होती आणि ती लिहीत होती. एकशे चव्वेचाळीस. सातशे वीस. पाच हजार चाळीस. पंचावन्न हजार चारशे चाळीस. आणि शेवटी

७२०७२०.

सगळा वर्ग एकदम बोलू लागला. ‘‘सर, तोच आकडो दोनदा!’’ मी म्हटलं, असं का झालं ते बघा. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. कुठल्याही तीन आकडी संख्येला एक हजार एकने गुणलं की ती शेजारी शेजारी दोनदा उमटते. आपल्याकडे आधी सातशे वीस होते, म्हणून सातशे वीस, सातशे वीस.

मग तो तास संपेना. घंटा झाली, पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या राहिल्या, त्यासुद्धा आत येऊन बसल्या. मुलांनी त्या संख्येला एकपासून सोळापर्यंत भागून पाहिलं. दोनने ३६०३६०. तीनने २४०२४०. चारने १८०१८०. पाचने १४४१४४. बहुतेक उत्तरं जोडीने येत होती. सातने भागलं आणि जोडी मोडली, १०२९६०. अकराने मोडली, तेराने मोडली, चौदाने मोडली. का, तर एक हजार एकचा एकेक खांब आपण काढून घेत होतो. हे मी सांगायच्या आधी मुलांनीच सांगितलं. या संख्येला एकूण दोनशे चाळीस विभाजक आहेत, म्हणजे दोनशे चाळीस वेगवेगळ्या संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो. तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके विभाजक नाहीत. इतकी मिळूनमिसळून राहणारी संख्या मी दुसरी पाहिलेली नाही. बाबलने गाडीला ती घेतली असती, पण पाटीवर चारच आकडे बसतात.

सेकंदाला एक मात्रा धरली तर सात लाख वीस हजार सातशे वीस मात्रांना आठ दिवस आणि आठ तासांच्या वर थोडा वेळ लागतो. दीक्षाने हे संध्याकाळी बुवांना जाऊन सांगितलं. तबला बंद होता, पण बोलणं बंद नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा शाळेत.

‘‘मास्तर, पोरांक खोटां शिकवू नका.’’

‘‘काय खोटं?’’

‘‘आठ दिवस? ताल असे रुसान बसणत नाय. माझे चार ताल घ्या. सोळा, बारा, दहा, सात. पाच मिनिटांत चारय जण समेर भेटतत. माझो हात सांगता माका.’’

चौघांचा लसावि सोळाशे ऐंशी. सेकंदाला एक धरलं तर अठ्ठावीस मिनिटं. मी तसं सांगितलं. बुवांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. ‘‘रविवारी मंडपात या. बघूया.’’

मला हेच हवं होतं. मी म्हटलं, ‘‘येतो, पण सातच्या मुलांना दीक्षा सांभाळेल आणि बाबल समोर बसेल.’’

बाबलला आणणं सोपं नव्हतं. शेवटी मी त्याला म्हटलं, ‘‘तुझ्या मुलीला गणित येतं की नाही ते स्वतः बघ. नाही येत असं वाटलं तर मी पुन्हा तबल्याचं नाव काढणार नाही.’’ बोलून गेलो आणि बसमध्ये बसल्यावर हिशेब करू लागलो. आठवीतली मुलं, अठ्ठावीस मिनिटं, एकाचंही लक्ष उडालं की संपलं. दीक्षाची स्पर्धा माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यावर टांगली गेली होती.

रविवारी दुपारी साडेचारला देवळाच्या मंडपात आम्ही जमलो. सोळा मुलं, एकेका तालाला चार. कोणी मोबाइलवर ठोके देणारं अ‍ॅप काढलं, ते बुवांनी बघितलंही नाही. पखवाज मांडीवर घेऊन म्हणाले, ‘‘मात्रा मी देतंय.’’ सुरुवातीलाच एक तंटा झाला. रूपकात समेवर टाळी नसते, खाली असते, म्हणजे हात नुसता उलटा करायचा. सातच्या मुलांनी समेवर टाळी वाजवणं बुवांना पटेना. ‘‘आजच्या दिवस देवाची माफी मागान वाजवा,’’ असं ठरलं. मोजणी माझ्याकडे. मी भटजींकडून परडीभर सुपाऱ्या घेतल्या. सोळाच्या प्रत्येक समेला एक सुपारी परडीतून ताटात टाकायची. एकशे पाचव्या सुपारीला चौघे भेटायला हवेत.

बाबल खांबाला टेकून बसला. हाताची घडी.

बुवांनी थाप दिली आणि सुरू झालं. पखवाजाचा एकेक ठोका आणि त्यावर चार बाजूंनी वेगवेगळ्या वेळी पडणाऱ्या टाळ्या. ऐकायला आधी गोंधळ वाटतो, मग हळूहळू कानाला त्याची सवय होते. पंधराव्या सुपारीला सोळा, बारा आणि दहाची टाळी एकदम पडली. चार मिनिटं झाली होती. बुवांनी विजयाने माझ्याकडे बघितलं. मी दीक्षाच्या चौघांकडे बोट दाखवलं. ती गप्प होती. त्यांची सम अजून यायची होती. बुवांनी मान खाली घातली आणि वाजवत राहिले.

तीस सुपाऱ्या झाल्या. पंचेचाळीस झाल्या. मुलांचे हात लाल झाले होते, पण चुकत कोणी नव्हतं.

आणि रस्त्यावरून पदेर आला. पदेर म्हणजे आमचा पाववाला. संध्याकाळच्या वेळी सायकलवर पावाची टोपली घेऊन तो भोंगा वाजवत घरोघर जातो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत आत काय चाललंय? त्याने बरोबर देवळाच्या दारापाशी येऊन जोरात पों-पों केलं. सातमधल्या एका मुलाची टाळी आधी पडली, दुसऱ्याची नंतर, तिसरा हसला, आणि चारही जण थांबले.

बुवांचा हात थांबला नाही. सोळा, बारा, दहा चालूच होते. पण सात कुठे आहे हे आता कोणालाच माहीत नव्हतं. बाबलने हाताची घडी सोडली. मला वाटलं, तो उठून चालला.

दीक्षा माझ्याकडे वळली. ओठांनी विचारलं, ‘‘किती?’’

मला बोलायची सोय नव्हती. मी दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडली आणि मग सहा दाखवली. सेहेचाळीस. त्या नादात परडी कलंडता कलंडता राहिली. तिने डोळे मिटले. ओठ हलले. मग डोळे उघडून तिने आपल्या तिघांना तीन बोटं दाखवली आणि हळूच म्हणाली, ‘‘तीन सुपाऱ्यो गप बसा. माझ्याकडे बघा.’’

मी सत्तेचाळिसावी टाकली. अठ्ठेचाळिसावी टाकली. एकोणपन्नासावी सुपारी ताटात पडली त्याच क्षणी दीक्षाने टाळी दिली आणि तिच्या मागून तिघांनी सात मोजायला सुरुवात केली.

मला तेव्हा समजलं. सोळा साते एकशे बारा. म्हणजे दर सातव्या सुपारीला सोळाची सम आणि सातची सम एकत्र येते. एकोणपन्नास म्हणजे सात साते. हरवलेल्या सातला पुन्हा कुठे उभं करायचं हे तिने पखवाज चालू असताना, बाप समोर बसलेला असताना, डोळे मिटून काढलं होतं.

पण तो हिशेब खरा आहे की नाही हे शेवटालाच कळणार होतं. अजून निम्म्याहून जास्त सुपाऱ्या परडीत होत्या. आता मंडपात कोणी हलत नव्हतं. पदेरसुद्धा सायकल लावून आत येऊन उभा राहिला होता. नव्वद. शंभर. एकशे तीन. एकशे चार. मी एकशे पाचवी सुपारी दोन बोटांत धरली.

सोळाही मुलांची टाळी एकदम पडली.

चार ताल आणि एकच आवाज. बुवांनी त्यावर जी थाप मारली तिने मंडपातली कबुतरं उडाली. मुलं नाचायला लागली. पदेराने पुन्हा भोंगा वाजवला आणि या वेळी कोणी त्याच्यावर डोळे वटारले नाहीत.

बुवा घाम पुसत म्हणाले, ‘‘मास्तर, मी पाच मिनिटां म्हटलंय, ता काय अगदीच खोटां नाय. तीन ताल चारच मिनिटांत भेटले. हो सात मेलो उशीर करता.’’

‘‘सातची तीच खोड आहे, बुवा.’’

बाबल उठून मुलीपाशी आला. त्याला नक्की काय झालं ते कळलेलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे कळलं होतं.

‘‘तीन सुपाऱ्यो तां काय केलंस गो?’’

दीक्षाने त्याला जमिनीवर बसवलं आणि ताटातल्या सुपाऱ्या सात-सातच्या ओळीत मांडून समजावलं. दोनदा समजावलं. बाबल मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘ह्यां इतक्या येता तुका, मग परीक्षेत काय झाला?’’

‘‘बाबा, परीक्षेत ह्यां विचारूकच नाय. एलसीएम विचारलेलो.’’

सगळे हसले. बाबल हसला नाही. तो माझ्याकडे वळला. ‘‘सर, ह्याच का एलसीएम?’’

‘‘हेच.’’

त्याने सुपाऱ्या गोळा करून ताटात टाकल्या. मग बुवांना म्हणाला, ‘‘बुवा, उद्यापासून पाठवतंय. पण दुसऱ्या सहामाहीत पास झाला होया.’’ बुवांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

दीक्षा पास झाली. पहिली वगैरे आली नाही, पण लसाविचं एकही उदाहरण चुकलं नाही. माघाच्या जत्रेत तिने पखवाज वाजवला आणि त्यांच्या मेळ्याला दुसरा क्रमांक मिळाला. मला त्यातलं आठवतं ते हे, की बाबल पहिल्या रांगेत बसून बोटांवर मात्रा मोजत होता आणि प्रत्येक समेला मोठ्याने टाळी देत होता. एकदा त्याची सम एक मात्रा आधी आली. सगळी सभा वळून बघायला लागली. स्टेजवरून दीक्षाने डोळे वटारले. बाबलने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले.

त्यानंतर आठवीच्या त्या मुलांनी हट्टच धरला की पूर्ण सात लाख वीस हजार सातशे वीस वाजवून बघायचं. बुवा लगेच तयार. आमच्याकडे देवळात भजनी सप्ता असतो, वाडेच्या वाडे पाळी लावून भजन खंडू देत नाहीत. त्याच पद्धतीने आठ दिवस पाळ्या लावू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वाड्यांची वाटणीसुद्धा करून टाकली. पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळा आठवडाभर टाळ्या वाजवत बसली तर पालकांना काय सांगू? त्यांचंही बरोबर होतं. ते राहिलं ते राहिलंच. माझ्या नोकरीत पुष्कळ गोष्टी राहिल्या, पण हुरहूर लागते ती याचीच. आता वाजवायचं म्हटलं तरी पंचाईत आहे. त्या शाळेच्या आठवीत आज सोळा मुलं नाहीत.

दीक्षा सध्या डिचोलीला मुलांना तबला शिकवते आणि सकाळी कॉलेजात गणिताच्या पदवीचा अभ्यास करते. दोन्हीत ती किती पुढे जाईल ते मला माहीत नाही. मागे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली तेव्हा तिच्या हातात नारळांची पिशवी होती, आणि घाईघाईत तिने मला विचारलं की एखाद्या संख्येला विभाजक किती ते काढायचं सूत्र सिद्ध कसं करतात. मिरच्यांच्या राशीशेजारी उभं राहून मी तिला सांगितलं. मिरचीवाली बाई दोनदा म्हणाली, ‘‘घेतलात तर घेयात, नाय तर सरा.’’

निवृत्तीच्या दिवशी शाळेत शाल-श्रीफळ झालं. भाषणं झाली. संध्याकाळी शेवटची बस धरायला मी धारगळच्या थांब्यावर आलो, तर तिथल्या कट्ट्यावर पुंडलिकबुवा बसलेले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, हातात काठी, पण खांद्यावर टॉवेल तोच. निरोप द्यायला आले असतील असं मला वाटलं.

‘‘मास्तर, एक विचारूचां रवला.’’

‘‘विचारा.’’

‘‘सोळा जणांचां झाला. सतरावो ओळीत येवन उभो रवलो तर?’’

‘‘तर पंचाईत. सतराला त्या संख्येत जागा नाही. सगळ्याला सतराने गुणावं लागेल. एक कोटी बावीस लाखांच्या वर मात्रा. पावणेपाच महिने.’’

‘‘आणि अठरावो?’’

‘‘अठरावा फुकट. नऊ आणि दोन आधीच आहेत. जास्तीचा एक सेकंदसुद्धा लागणार नाही.’’

हे ऐकून बुवांना फार आनंद झाला. ‘‘फुकट?’’

‘‘फुकट.’’

‘‘मगे एकोणीस?’’

मी मोबाइल काढला. ‘‘तेवीस कोटींच्या वर. सात वर्षं आणि साडेचार महिने. पण मग विसावा पुन्हा फुकट.’’

बुवा काठीवर हनुवटी टेकून विचार करत बसले. हमरस्त्यावरून गाड्या जात होत्या. सात वर्षं म्हटल्यावर ते काहीतरी उदास बोलतील, अशी मी मनाची तयारी केली होती.

‘‘सात वर्षां,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी आता रिकामी. माकाय काय काम नाय. वीस माणसां गावूक हरकत नाय.’’ आणि त्यांनी काठी बाजूला ठेवली, मांडीवर हात मारला आणि सुरुवातच केली. ‘‘एक, दोन, तीन...’’

म्हापशाची बस आली. कंडक्टर दारातून ओरडला, ‘‘चला ओ मास्तर, शेवटची!’’

मी त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. सोळाची सम जवळ आली होती.